आठ घनमीटरची मोरी, अठरा घनमीटरचा ओढा

रस्ता फुटला नव्हता, फोडला होता. २०१९ चा ऑगस्ट, मुसळधार पाऊस, रात्रीचे साडेअकरा. दहा-बारा जण कुदळी, पारई घेऊन आले, एकानं ट्रॅक्टर आणला आणि ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणाऱ्या मोरीपासून वीसेक पावलांवर डांबर उकरून भराव खाली बसेपर्यंत खणला. पहाटेपर्यंत पाण्यानंच उरलेलं काम केलं. सकाळी तिथं नऊ मीटर रुंद खिंडार होतं. मुक्कामाची बस गावात अडकली ती बारा दिवस.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना डावीउजवीकडे जे आतले फाटे फुटतात त्यातल्या एका फाट्यावरचं हे गाव. नाव लिहीत नाही, तिथल्यांना ओळखू येईलच. कागदावर त्या रात्रीची नोंद ‘ग्रामस्थांकडून सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान’ अशी झाली. मला बोलावलं ते या नुकसानीचं एस्टिमेट करायला: नऊ मीटर भराव, त्यावर मुरूम, खडी, डांबर, होतं तसं करून द्यायचं. दीड दिवसाचं काम. मला त्याला सात आठवडे लागले, आणि त्यातले दोन मी चुकीच्या वाटेनं गेलो.

जागा डोळ्यापुढं यावी म्हणून थोडं सांगतो. पश्चिमेला रान, डोंगराचा उतार. तिथून ओढा खाली येतो, भाताच्या खाचरांतून वळणं घेत रस्त्याला आडवा जातो आणि पुढं मलप्रभेला मिळतो. पूर्वी रस्ता खाचरांच्या जवळजवळ सपाटीलाच होता. पावसाळ्यात त्यावरून गुडघाभर पाणी वाहायचं, तासा-दोन तासांत उतरायचं. मग रस्ता ‘सुधारला’. तीनशे मीटर लांबीत साधारण सव्वा मीटर उंच भराव आला, आणि ओढ्यावर १.२ मीटर व्यासाच्या ह्यूम पाईपची, म्हणजे काँक्रीटच्या नळ्यांची, तीन ओळींची मोरी बसली. रस्ता कोरडा झाला. खाचरांच्या मधोमध एक बंधारा उभा राहिलाय हे मात्र कुणी म्हटलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये वरच्या बाजूची खाचरं चार दिवस पाण्याखाली होती. लावणी होऊन पंधरवडाच झालेला. भात पाण्यात उभं राहणारं पीक आहे हे खरं, पण शेंडा वर असला तर. कोवळं रोप पूर्ण बुडून, वर गढूळ पाण्याचा थर, असे दिवस गेले की ते कुजतं. चौथ्या रात्री लोकांनी कुदळी उचलल्या.

मोरीच्या डिझाइनची फाईल मिळायला एक आठवडा गेला. मिळाली तेव्हा चकित झालो, कारण हिशोबात एकही बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती. छोट्या पुलांसाठी आणि मोऱ्यांसाठी आपल्याकडं इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:१३ ही मार्गदर्शिका वापरतात. तिच्यात सांगितल्याप्रमाणं दोन रीतींनी पुराचं पाणी काढलेलं होतं. पाणलोट ०.८ चौरस किलोमीटर, म्हणजे ८० हेक्टर. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पूर काढणारं डिकन्सचं सूत्र लावून उत्तर आलं सेकंदाला १०.२ घनमीटर. पावसाच्या तीव्रतेवरून काढायच्या रॅशनल पद्धतीनं आलं ५.३. मार्गदर्शिका म्हणते, यातला मोठा आकडा धरा, पण तो दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याच्या दीडपटीपुढं जात असेल तर दीडपटीवर थांबा. ५.३ ची दीडपट ८. तीन पाईपांतून ८ घनमीटर जातात. सही, शिक्का.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळं बरोबर. म्हणून मी चूक कागदाबाहेर शोधायला लागलो, आणि मला ती सापडलीही, असं दोन आठवडे वाटत होतं.

रानाच्या कडेनं एक जुना पाट येतो. शेजारच्या खोऱ्यातलं पाणी डोंगराच्या कुशीतून वळवून इकडच्या खाचरांना देणारा, बहुधा तीन-चार पिढ्यांपूर्वी खणलेला. नकाशावर तो नाही. माझी खात्री झाली: पाणलोट ८० हेक्टर नव्हेच, पाटानं शेजारचं खोरंही इकडं ओतलंय! १:५०,००० च्या टोपोशीटवर ८० हेक्टर म्हणजे फक्त ३.२ चौरस सेंटिमीटर, अंगठ्याच्या ठशापेक्षा थोडं कमी. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दर २० मीटरला. त्यात पाट कुठून दिसणार? मोठ्या उत्साहानं मी टेप घेऊन गेलो. पाट दीड मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. पालापाचोळ्याचे तुकडे सोडून वेग मोजला. तुडुंब भरला तरी सेकंदाला ०.६ घनमीटर. म्हणजे फार झालं तर एका पाईपचा पाव हिस्सा. शोध फुकट गेला.

परत फाईलकडं आलो. या वेळी गणित सोडून दिलं आणि गणितात घातलेले आकडे कुठून आले ते पाहिलं.

डिकन्सच्या सूत्रात एक गुणांक असतो, सी. पाणलोटाचं क्षेत्रफळ मोजता येतं, सी मात्र निवडावा लागतो. वार्षिक पाऊस ६० ते १२० सेंटिमीटर असेल तर ११ ते १४, १२० च्या वर १४ ते १९, आणि पश्चिम घाटात २२. फाईलमध्ये सी होता १२. रॅशनल पद्धतीत चोवीस तासांचा मोठ्यात मोठा पाऊस धरला होता १० सेंटिमीटर.

खानापूर तालुक्यात १० सेंटिमीटर! इथल्या कुणालाही विचारा, जुलैत असा दिवस आला तर लोक छत्री शोधतात, बातमी होत नाही. वर कणकुंबीच्या बाजूला तर २० सेंटिमीटरही अधूनमधून पडतो. मग हे आकडे आले कुठून? फाईलच्या कोपऱ्यात, एका तक्त्याखाली, दुसऱ्याच कामाचं शीर्षक पुसायचं राहून गेलं होतं. काम जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यातलं होतं. तिकडं पाऊस साठ सेंटिमीटरच्या आसपास, ज्वारी-हरभऱ्याचा मुलूख. तिकडं सी १२ अगदी योग्य आहे.

बेळगाव जिल्ह्याची गंमत हीच आहे. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, जिथं पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. आणि तिच्यावरचं नवीलुतीर्थ धरण आहे सौंदत्तीला, जिथं लोक आभाळाकडं बघत बसतात. नदी एक, जिल्हा एक, कचेरीतलं कपाट एक. एका तालुक्याची एक्सेल शीट उचलून दुसऱ्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये टाकायला दोन क्लिक लागतात. ज्यानं ते केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. महिन्याला पंधरा मोऱ्यांचे रिपोर्ट काढायचे असतील तर मीही हेच करतो, केलेलंही आहे. माझ्या जुन्या दोन फाईली मी त्या आठवड्यात काढून तपासल्या. एकीत सी चुकीचा होता. ती मोरी सुदैवानं कधी बांधलीच गेली नाही.

आता पुन्हा हिशोब. सी २२ धरला की डिकन्स देतो १८.६. रॅशनल पद्धतीत चोवीस तासांचा पाऊस २० सेंटिमीटर धरला. वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक फाईलमध्ये ०.३ होता, म्हणजे ‘पिकाखालची पोयट्याची जमीन’. कागदावर खाचर म्हणजे शेतीच, पण जुलैच्या शेवटी भाताचं खाचर ही जमीन राहत नाही, ते भरलेलं ताट असतं. वरून पडलेला थेंब मुरत नाही, बांधावरून पुढच्या खाचरात जातो. आमच्याकडची माती चिकणही आहे. मी ०.५ धरला. ओढ्याची लांबी १.३ किलोमीटर, चढ ४० मीटर, त्यावरून टोकाचं पाणी मोरीपर्यंत यायला एकोणीस मिनिटं. उत्तर १७.८.

दोन्ही आकडे जवळजवळ आले. जुन्या फाईलीत हेच दोन आकडे १०.२ आणि ५.३ होते, म्हणजे एकमेकांच्या जवळपास दुप्पट-निम्मे. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. दीडपटीचा नियम आहे तो एखाद्या सूत्रानं भलताच मोठा आकडा दिला तर त्याला लगाम घालायला. इथं उलटं झालं. लहान आकडाच जास्त चुकलेला होता, आणि नियमानं कमी चुकलेल्या मोठ्या आकड्याला ओढून खाली आणलं. नियम पाळला गेला आणि चूक वाढली.

(जुन्या मुंबई इलाख्यातले इंजिनिअर घाटातल्या नद्यांसाठी इंग्लिस यांचं सूत्र वापरत. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईकडंच, आधी इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात, असल्यानं आमच्याकडच्या जुन्या पुलांच्या कागदांत ते दिसतं. मी तेही लावून पाहिलं, २९.६ आलं. मोठ्या पाणलोटाचं सूत्र आहे ते, एवढ्याशा ओढ्याच्या अंगाला सैल होतं. बाजूला ठेवलं.)

सूत्रांचं उत्तर सूत्रांनीच तपासण्यात अर्थ नव्हता. मार्गदर्शिकेत तिसरी रीतही दिलेली आहे: पुराची खूण शोधा, ओढ्याचा छेद आणि उतार मोजा आणि त्यावरून पाणी काढा. फाईलमध्ये त्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पूररेषेची माहिती उपलब्ध नाही.’

माहिती मोरीपासून दोनशे पावलांवर राहत होती. वय पंचाहत्तरच्या पुढं, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मी गेलो तेव्हा पडवीत पिंजरीचा वेठ, म्हणजे भाताच्या पेंढ्याची दोरी, वळत बसले होते.

“आबा, त्या रात्री पाणी कुठवर आलतं?”

“कुठल्या रात्री? फोडायच्या आदी का फोडल्यावर?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. दोन वेगळे आकडे आहेत ते. आबांनी काठी घेतली आणि खालच्या अंगाला, ओढा दोन काठांत नीट बसतो तिथं नेलं. तिथं म्हसोबाचा दगड आहे. शेंदराच्या खाली चार बोटं अंतरावर गाळाची फिकट रेघ अजून होती.

“ही फोडायच्या आदीची. रस्त्यावरनं पाणी पडत होतं न्हवं, तवाची. फोडल्यावर तर शेंदूर बी बुडाला.”

म्हणजे पाईपमधून आणि रस्त्यावरून मिळून जेवढं पाणी जात होतं तेवढं त्या रेघेखालून गेलं. छेद मोजला: १०.५ चौरस मीटर. ओली कड, म्हणजे तळ-काठांचा पाण्याला टेकणारा भाग, १२.५ मीटर, उतार दोनशेला एक. दगडगोटे, झुडपं लक्षात घेऊन वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रातला खरखरीतपणा ०.०४. वेग सेकंदाला १.५७ मीटर, पाणी १६.५ घनमीटर. सूत्रांचे १७.८ आणि १८.६, दगडाची रेघ १६.५. मी मोरीसाठी १८.६ धरले. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना क्युसेक जास्त कळतात, म्हणून ग्रामपंचायतीत सांगताना म्हटलं: मोरी २८० क्युसेकची, ओढा साडेसहाशे क्युसेकचा.

परत येताना आबा मोरीपाशी थांबले. “सायब, तुमी म्हणताय नळी बारकी हाय. पर नळी भरून वाहतच न्हवती बगा. ह्या अंगाला पाणी पुरुषभर, त्या अंगाला नळीत वरनं हातभर मोकळं. तोंडाला येऊन नुसतं फिरतंय, आत शिरंनाच.”

मी घरी येऊन अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याची एचडीएस-५ ही मोऱ्यांवरची पुस्तिका उघडली. जलविज्ञानाच्या लोकांनी दशकानुदशकं प्रयोगशाळेत मोजून जे लिहिलंय ते हेच: उतारावरच्या बहुतेक मोऱ्यांची ताकद पाईपच्या पोटावर ठरत नाही, तोंडावर ठरते. याला ते इनलेट कंट्रोल म्हणतात. तोंडाशी पाणी वळताना आकसतं, पुढं नळी अर्धवट रिकामीच वाहते. पाईपची कड गोलसर केली, पंखभिंती तिरक्या घातल्या तर तोच पाईप जास्त पाणी घेतो. आमच्या मोरीचे पाईप भरावातून तसेच बाहेर डोकावत होते, धारदार कडेचे. त्यात मधल्या पाईपच्या तोंडात पिंजर, नारळाच्या झावळ्या, खताच्या पिशव्या आणि करवंदीचं एक उपटलेलं झुडूप असा बोळा बसलेला. तीन पाईपांचे दोनच राहिलेले.

मी अहवालात ही गोष्ट लिहिली तेव्हा पुस्तिकेचा हवाला दिला. आबांचं वाक्य दिलं नाही, कारण कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. आमच्याकडं रिपोर्ट इंग्रजीत होतो, मंजुरी कन्नडमध्ये येते आणि तक्रार मराठीत असते. तिन्ही एका फाईलीत लागतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी एस्टिमेटमध्ये कुणी मागितली नव्हती. मृगाचे पहिले जोरदार पाऊस झाले की ओढ्यातून मासे वर चढतात, खाचरांत अंडी घालायला. चढणीचे मासे पकडायला रात्री बॅटऱ्या घेऊन जाणं हा इथं सणच असतो. मोरी झाल्यापासून वरच्या अंगाला मासे येणं बंद झालं, असं बायका सांगत होत्या. पुरुषांनी त्याचा विषयसुद्धा काढला नव्हता. कारण बघितल्याबरोबर कळत होतं. पाईपच्या खालच्या तोंडाशी पाण्यानं खड्डा खणून पाईप दीड फूट अधांतरी ठेवला होता. बोटाएवढा मासा दीड फूट उडी मारून, गुळगुळीत काँक्रीटवरच्या धारेविरुद्ध सात मीटर कसा जाणार? या विषयावरही अमेरिकन खात्याची एक पुस्तिका आहे, एचईसी-२६, २०१० ची. तिचा मथितार्थ एवढाच की मोरीचा तळ ओढ्याच्या तळाखाली बुडवा, म्हणजे आत गोटे-वाळू साचते आणि मोरीतही ओढाच राहतो. त्यांच्याकडं हे सगळं सामन माशासाठी सुरू झालं. आमच्याकडं कालवणासाठी झालं तरी हरकत नाही.

शेवटी मी सुचवलं ते असं. पाईप काढून ४ मीटर रुंद, २.३ मीटर उंच अशी एकाच गाळ्याची बॉक्स मोरी. तळ ओढ्याच्या तळापेक्षा ३० सेंटिमीटर खाली. उरलेल्या ८ चौरस मीटरमधून १८.६ घनमीटर पाणी सव्वादोन-अडीच मीटरच्या वेगानं जातं. तीन लहान तोंडांपेक्षा एक मोठं तोंड बरं, झुडूप आलं तर निघून जातं. भरावाच्या उरलेल्या लांबीत खाचरांचं पाणी इकडचं तिकडं व्हावं म्हणून दोन ठिकाणी साधे पाईप. आणि लोकांनी जिथं रस्ता फोडला होता बरोबर तिथंच तीस मीटर लांबीत रस्ता अर्धा मीटर खाली घेऊन काँक्रीटची फरशी. हिशोबापेक्षा मोठा पाऊस येणार तर येणारच; तेव्हा पाण्यानं कुठून जायचं हे आपण ठरवलेलं बरं. जागा लोकांनी निवडून ठेवलीच होती, आणि लेव्हल मशीन लावून बघितलं तर खाचरांचा सगळ्यात खोल भाग नेमका तिथंच होता. अंधारात, पावसात, त्यांनी ती बरोबर ओळखली होती.

झालं काय, ते सांगतो. बॉक्स मोरी झाली. मधे कोविडचं वर्ष गेलं, दर वाढले, एस्टिमेट दोनदा बदललं. दोन बाजूच्या पाईपांपैकी एक झाला, दुसऱ्याच्या जागी उताऱ्यावरच्या हिश्श्यावरून दोन भावांत वाद होता. फरशी झाली नाही. ती गावानंच नाकारली. ग्रामसभेत एक बाई उभ्या राहिल्या. “एकदा रस्ता वर आलाय, पोरं कोरड्या पायानं शाळंला जात्यात, आता परत खाली घ्या म्हणताय? बाळंतीण न्यायची झाली तर फरशीवरनं कशी न्यायची?” पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं गणित होतं, उत्तर नव्हतं. वर्षातून काही तास पाणी वरून जाईल असं मी म्हणालो, ते काही तास कुठले हे मला सांगता येणार नव्हतं.

तळ बुडवण्याचीही थोडी गंमत झाली. ड्रॉइंगमध्ये ३० सेंटिमीटर स्पष्ट होते. कंत्राटदाराच्या माणसाला ते खोदकाम फुकटचं वाटलं, “बॉक्स मातीत कशाला पुरायचा साहेब, तेवढी उंची वाया जाते.” मी एक दिवस उशिरा पोचलो. तोवर तळाचं साधं काँक्रीट, पीसीसी, पडलेलं, मोजलं तर १२ सेंटिमीटरच खाली. तोडायला लावलं नाही. पहिल्या पावसाळ्यात आत गोटे टिकले नाहीत, काँक्रीट उघडंच. मग खालच्या तोंडाशी ओढ्यातलेच मोठे धोंडे आडवे रचून घेतले, मजुरी दीड दिवसाची. त्यामागं पाणी तुंबून गाळ धरला. दुसऱ्या मृगात दोन पोरांनी वरच्या खाचरातून भांडं भरून मासे आणले. माशांची मोजणी वगैरे मी केलेली नाही, भांडं पाहिलंय.

आणि मोरीच्या आतल्या भिंतीवर मी लाल रंगानं पट्टी रंगवली, दर दहा सेंटिमीटरला रेघ, अर्ध्या मीटरला आकडा. खर्च रंगाचा डबा आणि ब्रश. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक आता ग्रामपंचायतींपर्यंत पोचलेत, त्यामुळं पाऊस किती पडला हे कळतं. त्या पावसाचं या ओढ्यात किती पाणी होतं हे सांगणारं काहीच नव्हतं. आबांचा नातू मोठा पाऊस झाला की पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, मी वेळ आणि आकडा वहीत उतरवून घेतो. अकरा नोंदी झाल्यात. सगळ्यात वरची १.४ मीटर.

गेल्या महिन्यातला फोटो आला तेव्हा खाली लिहिलं होतं: “काका एकच्या वरची रेघ दिसत नाही, रंग गेलाय. आबा विचारतात कधी येताय मारायला.”